सोमवारी तोडू नये

॥ श्रीशंकर प्रसन्न ॥
सदाशिव पेठ, पुणे
पहिला श्रावणी सोमवार, ७ ऑगस्ट २०००

चि. श्यामला हिस दादाचे अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव.

विश्रांतवाडीच्या भूखंडाची वार्ता अशी. वडिलांनी तो घेतला तेव्हा तिकडे कोणी फिरकत नसे. विमानतळाच्या बाजूस संगणकाच्या कंपन्या आल्यापासून मात्र तो ज्याला त्याला आपलाच वाटू लागला आहे. शेजारचे दिग्विजयराव तर ताबाच सांगू लागले, म्हणून आपण दावा लावला. जूनअखेरीस न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला: पुढील सुनावणीपर्यंत उभय पक्षांनी जागेच्या स्थितीत बदल करू नये.

त्याचे मी अक्षरशः पालन करीत आहे, हे कळवण्यास संतोष वाटतो. दर रविवारी जाऊन मी आपल्या बेलाची पाने आणीत असे. सोमवारी बेल तोडणे शास्त्राने वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी. परंतु पान तोडले की झाड पूर्वीसारखे राहिले कोठे? निषेधात स्वतःच्या सोयीची फट शोधू नये. सहा रविवार मी तिकडे पाऊल टाकलेले नाही. आजच्या पूजेस मंडईतला बेल आणला. कोमेजलेला होता, देवाने चालवून घेतला असावा.

येत्या सोमवारी कोर्ट कमिशनर जागा पाहण्यास येतील. ताबा कोणाचा हे पुष्कळसे त्यांच्या अहवालावर ठरेल, आणि तुझ्यासाठी बांधावयाच्या दोन खोल्यांचे भवितव्यही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
गोपाळकृष्ण

सांगली, ११ ऑगस्ट २०००

ती. दादास श्यामलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वेळी वाटले, चष्मा चुकला.

अरे, ‘जैसे थे’ म्हणजे जो जात होता त्याने जात राहायचे! तू जाणे थांबवलेस, म्हणजे बदल तूच केलास. आता कमिशनरांनी विचारले की इथे कोण येते, तर दिग्विजयराव म्हणणार, आम्ही. आणि गवतसुद्धा त्यांच्या बाजूने साक्ष देणार. आपल्या वकील अपेक्षाबाईंना विचारले होतेस का? नसशील. त्या तुझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या ना!

तेहतीस वर्षे मी भाड्याच्या घरांचे जिने चढते आहे. एकदा तरी जिना नसलेल्या घरात राहावे, ओसरीवरून बेल दिसावा, एवढेच मागितले होते. ते तुझ्या सोवळ्यात जाऊ देऊ नकोस. पत्र मिळताच जा आणि पाने तोड.

रागावली असली तरी तुझीच,
श्यामला

पुणे, २८ ऑगस्ट २०००

चि. श्यामलेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र कमिशनरांच्या भेटीच्याच सकाळी, मी घराबाहेर पडताना, हाती आले. म्हणजे सातवा रविवारही गेलेला. रिक्षात अपेक्षाबाईंना सर्व सांगितले. त्या येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी एवढेच म्हणाल्या की काका, पुढच्या वेळी आज्ञा पाळण्याआधी मला फोन करा.

जागेवर गुडघाभर गवत. दिग्विजयराव प्रसन्न. हे गृहस्थ दीड महिना फिरकलेले नाहीत, झाड आमच्याच वापरात आहे, असे त्यांनी कमिशनरांस सांगितले. आणि ते दाखवण्यासाठी स्वतःच्या राखणदारास, वैजनाथास, बेलाची फांदी उतरवण्यास फर्मावले. हा वाशीमकडचा माणूस. रविवारी माझ्याशी चार शब्द बोलणारा, इतकाच परिचय.

वैजनाथ जागचा हलला नाही. म्हणाला, साहेब, आज सोमवार आहे. आजोबांच्या झाडाचा बेल सोमवारी तोडत नाहीत. कोणते आजोबा, असे कमिशनरांनी विचारताच त्याने माझ्याकडे बोट केले. मग तो खोपटात गेला आणि फडक्यात बांधलेली सात पुडकी घेऊन आला. दर रविवारचे एक. आजोबा आजारी असतील, म्हणून त्यांच्या वाटणीचा बेल काढून ठेवत गेलो. तो शिळा होत नाही हेही त्यांनीच सांगितले होते, असे म्हणाला. जुन्या पुडक्यांतला बेल वाळून खडखडत होता. कमिशनरांनी सातही उघडून पाहिली आणि सर्व लिहून घेतले. मला मान वर करवेना.

गेल्या आठवड्यात तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत दिग्विजयरावांनी आपल्या ताब्यास हरकत करावयाची नाही.

परंतु वैजनाथास त्यांनी पाहणीच्याच संध्याकाळी काढून टाकले. तो, त्याची पत्नी दुर्गाबाई आणि दोन वळकट्या सध्या माझ्या बाहेरच्या खोलीत आहेत. नियम मी सांगितला, पाळला त्याने, आणि काम गेले तेही त्याचेच. या गोष्टीस शास्त्रात काय उत्तर आहे ते मला सापडत नाही. तूच सुचव.

तुझा,
दादा

सांगली, ४ सप्टेंबर २०००

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

शास्त्रात कशाला शोधतोस? जागेत शोध. बेलाशेजारी पहिली खोली वैजनाथ आणि दुर्गाबाईंची. राखण त्यांनी करावी, पगार आपण द्यावा. माझ्या खोल्या निकाल लागला की नंतर. वर्षभर अजून जिना चढेन, गुडघ्यांना तसे बजावले आहे. मात्र पत्रा घालण्याआधी अपेक्षाबाईंना विचार. हात जोडून सांगते, आधी विचार.

आणि त्या सात पुडक्यांतले एक पान माझ्या देवासाठी पाकिटातून पाठव. तोडलेलेच आहे, तेव्हा वार बघत बसू नकोस. टपालास सोमवार चालतो.

दुर्गाबाईंस माझा नमस्कार सांग. शेजारीण म्हणून सांग. माया आहे तशीच राहू दे. एवढे ‘जैसे थे’ मात्र नीट पाळ.

तुझी,
श्यामला