चंद्रशेखर स्मृती बंदूक ट्रस्ट

५ मे, ओजिमा, जपान
ह्यांची दुनळी बंदूक आजपासून ट्रस्टची. टेक्ससहून मैत्रीण सुलेखाने सांगितलं, तिकडे सर्रास करतात. मालक ट्रस्ट, ट्रस्टी कुठल्याही राज्यातला असो. ह्यांच्यामागे लायसन्स उरलं नाही, बंदूक पोलिसांत जमा करायची असते म्हणे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईने चौकीच्या बाकावर ताटकळायचं? डीड मीच टाइप केलं. उत्तम इंग्लिश. अध्यक्ष मी, ट्रस्टी नंदूभाऊजी.

८ मे
धाकट्या दिराने काम चोख केलं. पुण्याच्या कपाटातून बंदूक काढली, वळकटीत गुंडाळली, एसटीने बेळगावला आपल्या घरी नेली. कोगनोळीच्या सीमानाक्यावर पोलीस गाडीत चढले तेव्हा झोपेचं सोंग घेतलं म्हणाले. मी ठणकावलं, भाऊजी, ट्रस्टी सोंगं घेत नाहीत.

१२ मे
शेजारच्या मोरी-सानकडे चहा. तिचा नवरा रानडुकरांची शिकार करायचा. माझी नात अनया दुभाषी. इथे म्हणे लायसन्सआधी पोलीस शेजाऱ्यांना विचारतात, नवराबायको भांडतात का. आमच्या कॉलनीत विचारलं असतं तर ह्यांना गलोलही मिळाली नसती. नवरा गेला त्याच आठवड्यात मोरी-सानने बंदूक पोलिसांना दिली. वाईट नाही वाटलं? मी विचारलं. अनया म्हणाली, आजी, शी क्राइड ऑन द वे. बट शी वेंट.
जेवण गेलं नाही. मिसो सूप खारट होतं.

१५ मे
इथे कचऱ्यात बाटली झाकण काढूनच टाकायची. चौथ्या मजल्यावरच्याने झाकणासकट टाकली होती. दार वाजवून सुनावलं. नियम म्हणजे नियम.
संध्याकाळी सूनबाई रुचा म्हणाली, आई, नंदूकाका आत जातील आणि तुम्ही इथे लोकांची झाकणं मोजा. हल्लीच्या मुलींना जीभ फार. उद्या भाऊजींना फोन करून बंदूक जमा करायला सांगणार. मीच पाठवली, हेही लिहून देणार.

१८ मे
फोन राहिला. तिकडे भाऊजींची वामकुक्षीची वेळ होते.

२० मे
फोन केला. प्रकृती विचारली. दार वाजलं की छातीत धस्स होतं म्हणाले. बंदूक कॉटखाली आहे, म्हणून ते बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपतात. सत्तरी उलटलेला माणूस. मी म्हटलं, खंबीर राहा. जमा करण्याचं बोलणं निघालंच नाही.
फोन ठेवून तिसरा चहा केला. चहा कमी करायला हवा.

२५ मे
भाऊजींच्या मैथिलीचा फोन. बाबा काल वळकटी घेऊन स्वतःच पोलिसांत गेले. जबाब दिला, दादाची आठवण म्हणून मीच आणली, वहिनींना काही ठाऊक नाही. केस झाली. पुढच्या महिन्यात कोर्टात तारीख. मैथिली रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, काकू, बाबा ट्रस्टचा राजीनामा लिहायला बसलेत, तुमची माफी मागायचीय, इंग्लिशमध्ये कसं लिहायचं विचारतायत.
मी मजकूर सांगितला. तिने लिहून घेतला.
तारखेला मी स्वतः उभी राहणार, खरं सांगणार. तिकीट उद्या सकाळीच बघितलं असतं, पण उद्या प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार. मी नसले तर इथे कुणी झाकणं काढत नाही.