काही ऐकू आलं नाही

६ जुलै १९३६
पोहोचलो एकदाचा. कॅलोवे पॉइंटचं हवाई दल म्हणजे एक पत्र्याची खोली, दोन उंच खांब, त्यांच्यामध्ये ताणलेली तार आणि आता मी. सार्जंट ड्रिस्कॉल मोठ्या मनाने म्हणाला, समुद्र तुझा, माश्याही तुझ्या, चहाच्या डब्याला मात्र हात लावायचा नाही. किनाऱ्याचे फोटो काढणाऱ्या विमानात पायलट ॲशबी आणि वायरलेसवर आमचा टेड हॅलोरन! पॉइंट कुकच्या प्रशिक्षण तळावर आम्ही एकाच बाकावर मोर्स शिकलो. मोर्सचं बटण दाबणारा टेडचा हात हजारांत ओळखू येतो. शेवटचा डॅश, म्हणजे लांब ठोका, तो आणखी लांबवतो, आईने जेवायला हाक मारावी तसा.

८ जुलै
काम सोपं. विमान वर असताना दर तासाला दहा मिनिटं हेडफोन लावून बसायचं. आवाज आला तर मजकूर आणि त्याचा जोर, एक ते नऊपैकी, वहीत लिहायचा. टेड गरज असेल तरच बोलतो, त्यामुळे बहुतेक ओळी एकच: काही ऐकू आलं नाही. माझ्या आधीचा पठ्ठ्या सकाळीच दिवसभराच्या ओळी भरून ठेवायचा, काही आलंच तर खोडायचा. युक्ती वाईट नाही.

१४ जुलै
दुपारी ओहोटी होती, खेकडे पकडायला खाडीत गेलो. दोनची वेळ चुकली. ओळ मीही सकाळीच भरून ठेवली होती. सात खेकडे मिळाले.
विमान परतलं नाही.

१५ जुलै
सार्जंटने वही पाहिली. म्हणाला, पश्चिमेकडे वळताना टेड दोनला कळवणार होता, तो गप्प, म्हणजे वळण्याआधीच पडले. शोध जवळच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात घ्यायचा. तू नीट ऐकत होतास ना रे बाबा, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. खरं सांगितलं तर बाहीवरची हुद्द्याची पट्टी जाईल, तुरुंगही होईल. मला लाज वाटते. उद्या सांगतो.

१८ जुलै
पूर्वेला काही नाही. सार्जंट रोज तेच विचारतो. मी रोज हो म्हणतो. जितके दिवस जातात तितकं सांगणं अवघड होतं.

२३ जुलै
गुरं हाकणाऱ्या एका माणसाला सापडले. पश्चिमेला, लांब. विमान धड होतं. दोघे तहानेने गेले. टेडच्या वहीत चौदा तारखेला दोन वाजता: इंजिन तापलंय, मिठाच्या कोरड्या सपाटीवर उतरतोय, ठिकाण कळवलं, उत्तर नाही. त्याच्या यंत्राला वीज विमान उडतानाच मिळते, जमिनीवर नाही. तरी तो दर तासाला बटण दाबत राहिला, एकोणीस तारखेपर्यंत. प्रत्येक ओळ तीच: उत्तर नाही.
मी पंधराला बोललो असतो तर दोघे जगले असते. मी मारलं त्यांना.

२५ जुलै
आज कोणतंही विमान वर नाही. दोन वाजता टेडचा हात. जोर एक. इंजिन तापलंय. ठिकाण. मग तो लांब डॅश.

२७ जुलै
जोर चार. सार्जंटला हेडफोन दिले. त्याला काहीच ऐकू येईना. म्हणाला, पोरा, दोन दिवस झोप. किती प्रेमाने म्हणाला. तेव्हाही बोललो नाही.

२९ जुलै
जोर सात. हेडफोन खुंटीवर होते. तरी —

३१ जुलै
जोर नऊ. आता सकाळ-दुपार नाही, सतत. पत्रा थरथरतो. सांगून टाकतो, सगळं.

मुख्य तळाला मोर्सने कळवलं. चौदाला दोन वाजता मी इथे नव्हतो, ओळ खोटी आहे. पोच नाही. पुन्हा कळवलं. पोच नाही. तिसऱ्यांदा —
उत्तर आलं. टेडचा हात. काही ऐकू आलं नाही. डॅश लांब —

सार्जंट खिडकीवरून गेला, चहाचा मग घेऊन. हाक मारली. वळला नाही. ओरडलो —

आत आला. मी त्याच्यासमोर उभा राहून सांगतोय, मी खेकडे धरत होतो, मी खोटं लिहिलं. तो माझ्या खुर्चीकडे बघतोय, कुणी नसल्यासारखा. माझं नाव घेऊन बाहेर हाक मारली. मग बसला. हेडफोन लावले. वही ओढली. लिहितोय —
काही ऐकू