जंजिऱ्याच्या तटावरून

बाई, गेल्या डिसेंबरात मी मुलीला घेऊन जंजिऱ्याला जाऊन आले. आठवीत तुमच्याबरोबर गेले होते, त्यानंतर पहिल्यांदाच. किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी डुलायला लागली की लोक अजूनही अनोळखी माणसाचा हात धरतात.

आपली सहल दिंडोशीहून निघाली तेव्हा मुंबईच्या मानाने चांगलीच थंडी होती, आणि स्वेटर मिरवायला मिळाले म्हणून आम्ही पोरी खूश. किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी तुम्ही आम्हाला बसवता. गाईड सिद्द्यांचा पराक्रम सांगून थांबतो आणि मग तुम्ही, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या, बोलायला लागता. "त्यांच्या आधी इथं आमचा कोट होता गं, नुसता लाकडी ओंडक्यांचा. व्यापारी म्हणून आलेल्यांना आमच्या पाटलाने आसरा दिला, आणि त्यांनीच बेट घेतलं." जणू तुमच्या घरातलं, कालपरवाचं. उठताना बजावलंत, "तटावर कुणी चढायचं नाही." मी चढले. मोठी तोफ जवळून बघायची होती. सुट्या दगडावरून पाय सटकला आणि मनगट मोडलं. तुम्ही शालीची झोळी करून हात गळ्यात बांधलात, परतीच्या होडीत मला घट्ट धरून बसलात.

घरी बाबांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाईंनीच फोटोसाठी चढायला लावलं." दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत तुम्ही टेबलापाशी उभ्या, मी बाबांना चिकटून. "खरं सांग, बाईंनी सांगितलं?" मी मान हलवली. हो. आता तुम्ही ओरडाल, मग मी रडेन आणि सगळं बाहेर पडेल, असं वाटत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "प्लास्टरच्या आत खाजवू नकोस हं."

सहली बंद झाल्या. तुमच्याकडचा इतिहास काढून घेतला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुम्ही नव्हतात. मी कॉलेजात असताना तुम्ही गेल्याचं कळलं. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "चल ना, घरच्यांना भेटून येऊ." मी म्हटलं, परीक्षा आहे. परीक्षा नव्हती.

त्या दिवशी तटाखाली मुलीने विचारलं, "आई, तू इथंच पडलेलीस ना? मग तुझ्या टीचर कुठे होत्या?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. वर ती तोफ, बाजूला माझी लेक, बाबाही आता नाहीत. घाबरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "आठवत नाही गं."

घरी आल्यापासून हे लिहितेय. तुमचा मुलगा अंधेरीला राहतो, त्याची सोसायटी मला माहीत आहे. आईची चूक नव्हती हे त्याला तरी कळायला हवं, आणि हे पत्र खरं तर त्याच्याच हातात पडायला हवं. पण वाचून त्याने फोन केला तर मी उचलणार नाही, बाई. म्हणून पाठवत नाही.