चिलमीची वाट टाळताना

४ जानेवारी १९७२
आज माझ्यामुळं आत्या मेली असती! दुपारी टोळीतल्या सहादेवबरोबर गांज्याची चिलीम ओढली आणि त्याच तारेत बैलं जुंपली — उजवीचा डावीला, डावीचा उजवीला. बुजली बिचारी. उसानं भरलेली गाडी पाटाच्या कडेला कलंडली. गोजरआत्या थोडक्यात वाचली.

टोळीचा मुकादम गहिनीनाथ म्हणाला, "पुन्हा नशेत दिसलास तर तुमचा कोयताच मोडला म्हणून समज." मामांचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, पाय मोडला म्हणून त्यांच्या जागी मी ऊसतोडीला आलोय. आत्या आणि मी, दोघांची जोडी मिळून एक कोयता. मी गेलो की तिचंही काम गेलं. पाथर्डीला माघारी जाऊन खाणार काय?

५ जानेवारी
आत्या रागावली नाही. म्हणाली, "बसका बैल मारून उठत न्हाई रं. जिथं बसतो ती वाटच सोडायची."

९ जानेवारी
दिवस कलला की तलफ येते. डोकं भणभणतं. नेमकी तेव्हाच आत्याची हाक — "बैलं सोड!" बाभळीखाली सहादेवचा अड्डा, म्हणून आम्ही पलीकडच्या बांधानं पाटावर जातो. बैलं धुवायची, आपणही धुवून घ्यायचं. परत आलो की गुळाचा खडा. पण आधी म्हणते, "वास बघू!" लहान पोरासारखा आ करतो मी!

१५ जानेवारी
सहादेव सगळ्यांदेखत — "काय रं, आत्याचं वासरू झालास व्हय?" सगळे हसले. आत्या उसाच्या फडातूनच ओरडली, "वासरू दूध तरी पितंय बाबा, तुज्यावानी धूर न्हाई!" सगळ्यात जास्त मीच हसलो.

२२ जानेवारी
झोप लागते. भाकरीला चव आली. आज मुकादमानं माझ्या मोळ्या हलवून बघितल्या आणि एकही पुन्हा बांधायला न लावता पुढं गेला! देवाजवळ एकच मागितलं — आत्याचे गुडघे दुखायचे थांबू दे.

२७ जानेवारी
कारखान्याचं मशीन बिघडलं. तोड बंद. आत्या पुणतांब्याच्या बाजाराला गेली. सकाळपासून नुसता बसून आहे. जीव लागत नाही कुठंच.

२८ जानेवारी
काल ओढली.

मुकादमानं बघितलं नाही. निघून जायचं म्हणून वळकटी बांधली आणि आत्याला मीच सांगितलं. ती ओरडली नाही. कोण होतं, कुठं बसलो, आधी काय करत होतो — सगळं विचारून घेतलं. मग तिनंच माझी वळकटी सोडली.

"तोड बंद असली की माज्यासंगं बाजारला यायचं. पिशवी धरायला."