दार नसलेली खोली

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पुन्हा नामंजूर! 'सातवी' नावाच्या खेळाडूची तीच खोली तिसऱ्यांदा आली. आमच्या खेळात चित्रं नाहीत, नुसतं वाचायचं — लोक एकेक खोली लिहून पाठवतात, मी तपासते, मग ती खेळात जाते. नियम साधा: प्रत्येक खोलीतून बाहेर जायला वाट हवी. हिच्या खोलीत नाहीच. तसं कळवलं. उत्तर आलं — "दार बाहेरून बंद असतं."

चार वर्षं हे फुकट करतेय. वालीवच्या कारखान्यात दिवसभर पॅकिंग, घरी आलं की हे. दोनशे खोल्या साचल्यात. कुणाला पत्ताही नाही.

६ ऑक्टोबर
चौथ्यांदा. आता तिने खिडकी घातलीय. खाली पिठाची गिरणी, समोरच्या टाकीवर निळ्या रंगाचा बाण. "जेवण आलं की दुपार झाली असं समजायचं."

नामंजूर नाही केली. मंजूरही नाही.

७ ऑक्टोबर
खेळ चालवणाऱ्या संग्रामला फोन केला. "ताई, गोष्ट आहे हो ती! नियमात बसत नाही ना? उडवा." तिचा पत्ता मागितला. "तो आपण ठेवतच नाही."

वटारचा फर्डिनंड माझ्यासारखाच तपासणारा. तो म्हणाला, "तू दमलीस. आठ दिवस सुट्टी घे."

९ ऑक्टोबर
तिचं काही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
फुलपाड्यात रिक्षा वळली आणि टाकी दिसली. निळा बाण! समोर गिरणी, वर एकच घर. उतरलेच नाही. घाबरले.

१२ ऑक्टोबर, रविवार
गेले. बनियनमधल्या माणसाने दार उघडलं. "कोण पाहिजे?" तोंडून निघून गेलं — "इथे गोष्टी लिहिणारी कोणी बाई राहते का?" असं का विचारलं मी!
"बाई-बिई कोणी नाही. एकटाच असतो मी." दार लावलं.

गिरणीवाला म्हणाला, "चांगला माणूस आहे. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

संग्रामच बरोबर. लोकांच्या खोल्या वाचून वाचून माझंच डोकं फिरलंय. उद्या ती उडवते. हे कामही सोडते.

१३ ऑक्टोबर
दुपारच्या सुट्टीत उडवायला फोन उघडला. तिचं नवीन आलेलं — सकाळी सहाचं. लगेच पोलिसांना ११२ वर फोन लावला, पत्ता सांगितला. आता दोन वाजलेत.

"ताई, काल तुमचा आवाज ऐकला. मी लिहिते हे त्याला आता कळलंय. आज आम्ही इथून जातोय."