दम लागला तो मला

६ जाने.
सकाळपासून ह्यांचं सुरू. गुडघा, कंबर, मग पुन्हा गुडघा. "मना गुडघा गयात वं. आते मन्हं काई खरं नही." लूमवरचं काम सुटल्यापासून हेच. चहा पलंगावर, पेपर पलंगावर, पाणीसुद्धा हाक मारून. मी शेजारीच साड्यांना लेस लावत बसलेली, तरी हाक अशी की खालच्या रिक्षावाल्यानं वर बघावं.
मला कुणी विचारत नाही. बरंय. मी ठणठणीत.

९ जाने.
पलसाण्याची डाइंग मिल आज बंद, म्हणून मुलगा घरी, नितीन. आम्हा दोघांना धरून तपासणीला नेलं. डॉक्टरांनी ह्यांचा गुडघा दाबून बघितला, म्हणाले, "काका, घूंटण सरस छे. रोज चालो." मला म्हणाले, "मासी, तमारुं बीपी वधारे छे. आराम करो."
रिपोर्टची अदलाबदल झाली असणार, असं आम्ही दोघंही म्हणालो. बऱ्याच वर्षांनी एकमत.
आराम करा म्हणे! तिसऱ्या मजल्यावर घर. भाजी काय पतंगाला बांधून वर येणार?

११ जाने.
हे चालायला गेले. कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसून परत. वर मलाच विचारतात, बीपीची गोळी घेतली का. नाही घेतली. डोकं दुखत नाही, गोळी कशाला?

१४ जाने.
उत्तरायण. सगळी बिल्डिंग गच्चीवर, हे पलंगावर. उंधियू आणायला मीच खाली. येताना मधल्या वळणावर... पिशवी जड नव्हती. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं. पायरीवरच बसले. शेजारीण ओरडली. मग वरून धाडधाड पावलं. हे! दोन-दोन पायऱ्या गाळत, अनवाणी. "काय व्हयनं? बोल ना वं!"
श्वास पुरत नव्हता, तरी मनात पहिलं हेच आलं, म्हणजे हा माणूस पळू शकतो! आणि पाणी मी देत बसले.
रिक्षात माझा हात सोडला नाही. पायात अजून चप्पल नव्हती. त्यांच्या.

१५ जाने.
कालच दवाखान्यात छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली होती. डॉक्टर फार काही नाही म्हणाले, पण पट्ट्याच्या मशीनवर चालवून बघायचंय, दोन-तीन दिवसांत या. नितीन ऐकेना. "मम्मी, जवुंच पडशे." जावंच लागेल म्हणे. जरा पायरीवर बसले तर आजारी? आणि हे इतकी वर्षं लोळले त्याचं काय?

१७ जाने.
चहा ह्यांनी केला. साखरच नाही. तसाच प्यायले. भाजीलाही गेले, आले, गुडघ्याचं नाव नाही. लेसचं रीळ हातातून काढून घेतलं. "तू बठ आठे." आणि सारखं तोंडाकडे बघायचं.
"कसं वाटस?"
"बरं."
"खरं सांग."
काय खरं सांगू? बसून कुणाला दम लागतो का?
तपासणी उद्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. मघाशी हे अंघोळीला गेले तेव्हा उठून दारापर्यंत जाऊन आले. बघू तरी म्हटलं. काही झालं नाही. येताना खुर्चीची पाठ धरली, पण ती खुर्ची वाटेतच होती म्हणून.