घोंगडीवाल्याचा आवाज

१२ एप्रिल १९५५
फजिती! मी लिहिलेल्या 'किल्लेदाराचा खून' मालिकेचा पहिला भाग काल रेडिओवर झाला, आणि आमच्या शामलेनं कणीक मळता मळता खुनी ओळखला. "अहो, तो खंडोजी चोपदारच नं?" मूळ कादंबरीत दोनशे पानं जातात त्याला!

चूक माझीच. पुस्तकात घोंगडी पांघरलेला कुणीतरी अंधारात किल्लेदाराला धमकावतो. वाचणाऱ्याला तोंड दिसत नाही. मी तो प्रवेश जसाच्या तसा रेडिओसाठी उतरवला. पण खंडोजीचं काम करणाऱ्या जागेश्वरचा आवाज म्हणजे नगारा! घोंगडीतून तोच, आणि लगेच दरबारात "मुजरा सरकार" म्हणणारा तोच. झालं! तालमीत कुणाच्या लक्षात आलं नाही— खुनी आम्हा सगळ्यांना आधीच ठाऊक होता.

१९ एप्रिल
दुसरा भाग झाला. शाळेत पोरं मागून ओरडतात, "घोंगडीवाला!" पानठेल्यावरही तेच. ऊन मरणाचं, आणि स्टुडिओत पंखा बंद— नाहीतर माईकमध्ये घरघर येते. दमलो.

२१ एप्रिल
निर्माते बाबनरावांनी बोलावलं. "मास्तर, पुस्तकात एका माणसाला अंधारात ठेवता येतं. इथं सगळाच अंधार! खुनी बदला. नाहीतर पुढची मालिका दुसऱ्याला देतो."

बरं. आता खुनी राजवैद्य. घोंगडीवाला म्हणे सावध करायला आला होता! कादंबरीकार केव्हाच वारले. सुटले बिचारे.

२२ एप्रिल
जागेश्वरला सांगितलं. घरचा हातमाग बसला तेव्हापासून तो लकडगंजात लाकडाच्या टालावर आहे. शेवटच्या भागात खंडोजीचं कबुलीचं लांबलचक भाषण होतं. तेवढ्यासाठीच त्यानं काम घेतलं. टालावर म्हणून दाखवतो, माणसं करवत थांबवून ऐकतात.

"काहून मास्तर? माह्या आवाजात खोट हाये का?"

"चांगला आहे म्हणूनच ओळखला ना गा लोकांनी!"

"मंग मले खून करू द्या न! आखरीपर्यंत काय मुजराच करत राहू?"

लाज वाटली. रागही आला— माझ्या हातात काय आहे!

३ मे
चौथा भाग काल झाला. आज वैद्याचं भाषण लिहिलं. लिहिलं कसलं— जागेश्वरचंच, नाव बदलून. वैद्य करणारे वसंतराव तालमीत ते किराण्याची यादी वाचावी तसे वाचतात. जागेश्वर कोपऱ्यात बसून ओठ हलवत होता. पाहवेना.

६ मे
काही लिहवत नाही.

१६ मे
संपलं एकदाचं! वैद्य पकडला. खंडोजीला एकच वाक्य ठेवलं होतं— "सरकार, मी निर्दोष आहे." जागेश्वरनं ते असं म्हटलं की काचेपलीकडे बाबनराव उठून उभे राहिले. पुढची मालिका मलाच देणार म्हणाले.

जागेश्वर मला न भेटताच निघाला. सायकल काढली, गेला. शामला म्हणते, "आता तरी हसा." हसू कुठून आणू?

१७ मे
सकाळी दारात जागेश्वर, मान खाली. सोबत एक म्हातारी, हातात नारळ नि पेढे. "ही माय माही. तुमच्याकडे घेऊन चाल म्हने, काहून ते सांगेना."

म्हातारीनं माझे पायच धरले! "पाच हप्ते झाले बाबा, पान्याले गेली की बाया म्हनत, आली खुन्याची माय. उपास धरले म्या. याले नाही सांगितलं, मजा येऊन राहिली होती त्याले कामात. तुमी सोडवलं माह्या पोराले!"

जागेश्वर तिच्याकडे पाहतच राहिला. मग खाली बसला, तिचे हात माझ्या पायांवरून सोडवले.

"हो माय, मास्तरांनीच सोडवलं. चाल घरी, जेवून घे आता."